तीन उभे, एक आडवा

माझी सून ही गोष्ट चुकीची सांगते.

तिचे बाकीचे दोष मी पोटात घातलेत. दूध उतू जात असताना ती नुसती बघत उभी राहते. कपाटाची दारं चोरासारखी हळू लावते. राग आला की भांडत नाही, "बरं" म्हणते आणि निघून जाते. समोरच्याने काय करायचं? पण हे नाही पोटात घालणार. घरी कोणी आलं, चहाचे कप हातात गेले, की हिची गोष्ट सुरू. लोक तोंडाचा आ करून ऐकतात आणि मी पलीकडच्या खोलीत दात आवळून बसते.

म्हणून आज मी सांगतेय. जशी झाली तशी.

मला लिहिता येतं ते सहीपुरतं. मी बोलतेय आणि माझी नात मोबाईलवर उतरवून घेतेय. ती तुमच्या या पानावर रोज असल्या गोष्टी वाचत असते. त्यातल्या निम्म्या थापा, हे मला न वाचताही कळतं. ही थाप नाही. माझ्या घरात घडली, माझ्या या दोन डोळ्यांसमोर. रात्री-बित्री नाही, भर दुपारी. कपडे वाळायच्या वेळेला.

आत्ता सव्वादोन वाजलेत. पाचच्या आत मला संपवायचंय.

का, ते कळेलच.

आमचा धंदा कपडे धुण्याचा आणि इस्त्रीचा. लग्न होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच सासूने माझ्या हातात सुई दिली आणि खुणा शिकवल्या. घरं शंभर आणि चादरी सगळ्या पांढऱ्या. कुठली कोणाची, कळणार कसं? म्हणून प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला लाल दोऱ्याची खूण. दोन उभे टाके म्हणजे डॉक्टरांचं घर. फुली म्हणजे छापखान्याच्या मालकाचं. मला अक्षरं वाचायला वेळ लागतो. टाके मी डोळे मिटून बोटाने वाचते.

सासूचा एक नियम होता. खूण घराची, माणसांची नाही. भाडेकरू गेले, दुसरे आले, तरी त्या दाराची खूण तीच राहायची. आमच्या धंद्यात सगळ्यांचा हाच नियम, असं ती सांगायची. मीही कधी मोडला नाही.

हे लक्षात ठेवा. सगळं त्यातूनच झालं.

चौकाच्या वळणावर एक घर होतं. अजून आहे. तीन मजली, पण अंगाने इतकं अरुंद, की दोन्ही बाजूच्या घरांनी त्याला चिमटीत धरल्यासारखं वाटावं. एका मजल्यावर दोन खोल्या. खालपासून वरपर्यंत लाकडी जिना, त्याची नववी पायरी कुरकुरायची. सगळ्यात वर समोरासमोर खिडक्यांची एक मोठी खोली.

त्या घराला मी खूण दिली होती... तीन उभे टाके आणि त्यांच्यावरून एक आडवा. मी स्वतः ठरवलेली पहिली खूण. सासूने हात फिरवून बघितली आणि म्हणाली, "जमेल तुला." तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप.

तेव्हा तिथे एक घड्याळं दुरुस्त करणारा राहायचा. शर्टाच्या डाव्या बाहीला तेलाचे बारीक ठिपके. बायको, आणि पाच-सहा वर्षांची एक मुलगी. हे सगळं मला गठ्ठ्यातून माहीत. कोणाच्या घरात काय चाललंय ते शेजारणीच्या आधी कपडे धुणारीला कळतं. कोण आजारी, कोणाला दिवस गेलेत, कोण कोणाशी बोलत नाही... सगळं चादरींवर असतं.

एका सोमवारी गठ्ठ्यात फ्रॉक आले नाहीत.

पुढच्या सोमवारीही नाहीत.

पोर आजारी असली तर चादरी जास्त येतात. औषधाचे डाग येतात. तसलं काहीच नव्हतं. मोठ्यांचे कपडे नेहमीसारखे. छोटे तेवढे नाहीत.

"मुलगी दिसत नाही ती?" गठ्ठा देताना मी विचारलं.

"मामाकडे पाठवलीय. शिकायला," घड्याळवाला म्हणाला.

त्याची बायको मागे उभी होती. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. वर्षभरात दोघं घर सोडून गेली.

मग आल्या एक शिक्षिकाबाई. बरोबर त्यांची भाची, सात वर्षांची, आईबापाविना. मी नियमाप्रमाणे तीच खूण घातली. तीन उभे, एक आडवा.

सहा महिन्यांनी बाई तणतणत दुकानात आल्या. हातात एक पिवळा फ्रॉक. पांढरी कॉलर, कापडाने मढवलेली चार बटणं.

"हा आमचा नाही. तुमच्याकडून बदललाय."

माझं डोकंच फिरलं. माझ्याकडून कपडा बदलला? मी फ्रॉक उलटा केला आणि शिवण त्यांच्या नाकासमोर धरली. "ही काय खूण! तुमच्याच घरातला आहे. घरात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि भांडायला इथे येता?"

बाईंनी फ्रॉक टेबलावर टाकला आणि गेल्या. मी तो बेवारशी कपड्यांच्या पेटीत कोंबला.

महिन्याभरात त्यांची भाची हरवली.

शाळेतून आली, दारातून आत गेली, जिना चढायला लागली. एवढं समोरच्या दुकानदाराने पाहिलं होतं. वर पोचली नाही. पोलीस झाले, शोधाशोध झाली. बाईंनी शहर पालथं घातलं. पोर सापडली नाही.

त्यानंतर दोन म्हातारे भाऊ येऊन राहिले. वीस वर्षं. दोघांत मिळून सहा शर्ट आणि भांडणं रोजची. त्यांना कधी काही झालं नाही. घरात लहान मूल नव्हतं ना. पण हे आत्ताचं शहाणपण. तेव्हा माझ्या मनातून ते सगळं पुसलं गेलं होतं.

किंवा मीच पुसलं होतं, असं म्हणा.

तेरा वर्षांपूर्वी आमची जुनी जागा रस्ता रुंद करताना पाडली. खाली दुकान, वर राहायला, आणि कपडे वाळत घालायला वारा असलेली खोली... असं घर हवं होतं. म्हातारे भाऊ गेल्यावर ते वळणावरचं घर रिकामंच होतं. घरमालकाने एका शब्दात हो म्हटलं. किल्ली द्यायला आला तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. "तुम्हीच बघून घ्या," म्हणाला. आत पाऊल टाकलं नाही.

तेव्हाच मला खटकायला हवं होतं. पण मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

आम्ही पाच जणं. मी, आमचे हे, मुलगा, सून आणि नात. नात सहा वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी म्हणून राहायची नाही. संध्याकाळी तिचा फ्रॉक काढला की त्यावर अख्खा दिवस दिसायचा. गुडघ्यापाशी माती, पोटावर शाई, बाहीला नाक. मी ओरडायची, पण खरं सांगते, तिचा फ्रॉक मी दुसऱ्या कोणाला धुवायला द्यायची नाही.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. आमचे कपडे गिऱ्हाइकांच्या कपड्यांत मिसळले, आणि माझा मुलगा डॉक्टरांचा शर्ट घालून डॉक्टरांकडेच कपडे पोचवायला गेला.

"आजपासून आपल्याही कपड्यांना खूण," मी जाहीर केलं. "या घराची जी आहे तीच."

सून म्हणाली, "आई, आपण नवी घेऊ या ना. ही दुसऱ्यांची आहे."

"दुसऱ्यांची नाही, घराची. मला धंदा शिकवतेस?"

"बरं," ती म्हणाली.

मी एका दुपारीत सगळ्यांच्या कपड्यांना टाके घातले. भिंगरीच्या प्रत्येक फ्रॉकला, पेटीकोटला, मोज्यांना. माझ्या हाताने.

आठव्या दिवशी आमच्या गठ्ठ्यात तो निघाला...

पिवळा फ्रॉक. पांढरी कॉलर. मढवलेली चार बटणं.

ओला होता.

मी ओळखला. बेवारशी पेटीतला. पेटी आमच्याबरोबर नव्या घरात आली होती. मी सरळ सुनेकडे गेले.

"पेटी उघडलीस?"

"नाही."

"मग हा काय चालत आला? लोकांचे टाकलेले कपडे माझ्या नातीला घालणार तू?"

"आई, मी हा फ्रॉक आज पहिल्यांदा बघतेय."

"तुला तर सगळंच पहिल्यांदा दिसतं."

फ्रॉक वाळवून मी परत पेटीत टाकला, कुलूप लावलं. दोन दिवसांनी भिंगरीचा एक मोजा गेला. मग एक पेटीकोट. मग शाळेचा निळा स्कर्ट.

मला काय वाटलं असेल? सून माहेरी पाठवतेय.

"तुझ्या बहिणीच्या मुलीला बसला का स्कर्ट?" मी जेवताना सगळ्यांसमोर विचारलं.

"आई, ती कॉलेजात आहे. तिच्या दंडात अडकेल तो."

माझा मुलगा हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने घास गिळला.

मी वरच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कंबरेला. कपडे मी वाळत घालणार, मीच काढणार. बघू चोर कसा येतो.

मंगळवार होता. दुपारचे तीन.

मी खाली चादरींना नीळ देत होते. मुलगा इस्त्रीवर, सून साबणाच्या टाकीशी, हे खुर्चीत डुलक्या घेत. भिंगरी शाळेत. म्हणजे सगळी माणसं माझ्या डोळ्यांसमोर.

आणि वरून आवाज आला...

फटक.

ओला कपडा दोरीवर टाकायच्या आधी झटकतात ना, तो आवाज. आयुष्यभर मी तेवढंच ऐकलंय. तो मला दुसऱ्या कशासारखा वाटूच शकत नाही.

फटक.

सुनेने वर बघितलं. मग माझ्याकडे. मी हातातली चादर टाकली. जिना चढले. कुलूप जसंच्या तसं. उघडलं.

कोणी नाही. दोन्ही खिडक्या बंद. दोरीवर मी घातलेले कपडे ओळीने. पण मध्ये जागा केलेली. कपडे दोन्हीकडे सरकवून, हातभर. त्या मोकळ्या दोरीला दोन चिमटे लावलेले. चिमट्यांत काही नव्हतं.

खाली फरशीवर मात्र पाणी ठिबकलं होतं...

आणि दोरी हलत होती.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी अक्कल यायला हवी होती. नाही आली. माझ्या मनात एकच. सुनेने दुसरी किल्ली करून घेतली असणार.

त्याच संध्याकाळी तिला पकडलं. मधल्या खोलीत, भिंगरीच्या कपड्यांच्या ढिगाशी. हातात कात्री. ती खुणा कापत होती.

"आता सापडलीस!" मी म्हणाले. "खूण काढली की कपडा कोणाचाही होतो, नाही का?"

ती दचकली नाही. कात्री खाली ठेवली नाही. "आई, फक्त तिचेच कपडे जातात. तुमचे नाही, माझे नाही. ज्याला ही खूण आहे आणि जो छोटा आहे, तोच जातो. मला ही खूण तिच्या अंगावर नको."

"माझी खूण नको?"

"बरं," ती म्हणाली. पण या वेळचं "बरं" वेगळं होतं. डोळे भरले होते तिचे.

आणि मी काय केलं, माहितीये? ती झोपायला गेल्यावर नाही, तिच्यासमोर बसून, एकेक कपडा घेऊन सगळ्या खुणा परत घातल्या. या वेळी दुहेरी दोऱ्याने. शेवटी गाठ मारून. बघू कशी कापते.

माझी नात लिहिता लिहिता थांबली आत्ता. "आजी, खरंच?" म्हणतेय. हो गं बाई, खरंच. लिही पुढे.

त्यानंतर भिंगरी शांत झाली.

आम्हाला आधी बरं वाटलं. शाळेतून यायची आणि जिन्यात बसायची. नवव्या पायरीवर. ती पायरी कोणीही पाय ठेवला तरी कुरकुरायची... भिंगरी बसली की नाही कुरकुरायची. हाक मारली तर वळून बघायची, पण उशिरा. आपलं नाव आठवावं लागत असल्यासारखी.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ती शाळेतून आली. फ्रॉक काढून टोपलीत टाकला आणि पेटीकोटवरच आत गेली. मी तो धुवायला घेतला. नेहमीसारखी पाठ-पोट बघितली, डाग कुठे चोळायचे म्हणून.

डाग नव्हता.

उलटा केला. गळा बघितला, बाह्या, काखा. नाकाशी धरला. घामाचा वास नाही. शाईचा नाही. सहा वर्षांच्या पोरीने सकाळपासून घातलेला फ्रॉक, आणि तो कोरा. दुकानातून आत्ता आणल्यासारखा.

मी तो पाण्यात टाकलाच नाही.

कारण मी हे आधी पाहिलं होतं.

घड्याळवाल्याच्या मुलीचे फ्रॉक यायचे थांबले, त्याआधीचे तीन आठवडे... ते असेच यायचे. कोरे. घातलेले, चुरगळलेले, पण डाग नाही, वास नाही. त्यात अंगच नसल्यासारखे. शिक्षिकाबाईंच्या भाचीचेही तसेच. मी ते हातात धरले होते. मी, जिला चादरीवरून माणसाचा ताप कळतो. आणि मी सासूला काय म्हणाले होते? "किती स्वच्छ घर आहे नाही? धुवायला त्रासच नाही."

दोन्ही वेळा मनात खुट्ट झालं होतं. दोन्ही वेळा मी गप्प बसले. आपल्याला काय करायचंय, गिऱ्हाईक आहे. आणि बाई पिवळा फ्रॉक घेऊन आल्या तेव्हा तर मी त्यांनाच हाकललं.

"भिंगरी!" मी ओरडले.



आणि वरून...

फटक.

मी जिना कसा चढले मला माहीत नाही. सून माझ्या मागे, तिच्या हातात कात्री. खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या कंबरेला. किल्ली दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा सुनेने माझ्या हातावर हात धरला आणि कुलूप उघडलं.

भिंगरी आत होती.

बंद खोलीत. दोरीखाली. आमच्याकडे पाठ, अंगावर फक्त पेटीकोट.

आणि तिने दोन्ही हात वर केले होते...

लहान मूल कसं उभं राहतं, आई डोक्यातून फ्रॉक घालते तेव्हा? तसं. मान थोडी वाकवलेली. शहाण्यासारखी. वाट बघत.

समोर कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं, पण तिच्या डोक्यावर, तिच्या बोटांच्या वर, पाणी ठिबकत होतं. टप. टप. तिच्या केसांत. वर बघायचं धाडस मी केलं नाही. सुनेने केलं. तिने काय पाहिलं ते तिने मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

"खूण, आई!" ती ओरडली.

मी गुडघ्यांवर बसले. पेटीकोटची शिवण उलटी केली. तीन उभे, एक आडवा. माझेच टाके, माझीच गाठ. सुनेची कात्री गाठीत शिरेना. दोरा दुहेरी. मी तोंड लावलं आणि दाताने तोडायला लागले.

एक उभा तुटला. वर दोरीवरून एक चिमटा पडला. टक.

दुसरा. टक.

तिसऱ्याला माझ्या ओठातून रक्त आलं. टक.

आडवा तुटेना. तो काही केल्या तुटेना. आणि भिंगरीचे पाय... मी खाली बसले होते म्हणून मला दिसलं... तिच्या टाचा फरशीवरून उचलल्या होत्या. फक्त बोटं टेकलेली. सुनेने कात्री टाकली, पोरीच्या कंबरेला मिठी मारली आणि खाली ओढून धरली. मी जीव खाऊन चावा घेतला.

टक.

भिंगरीने हात खाली घेतले. इकडेतिकडे बघितलं. मग तिला एक जोरात शिंक आली, आणि तिने नाक माझ्या बाहीला पुसलं. चांगलं चरचरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी ती बाही पुढे दोन दिवस धुतली नाही. तीच भिंगरी आता समोर बसून हे उतरवतेय.

दिवस मावळायच्या आत आम्ही ते घर सोडलं. निघताना मी बेवारशी पेटी उघडली. कुलूप शाबूत होतं. पिवळा फ्रॉक आत नव्हता. घरमालकाने किल्ली घेतली आणि एका अक्षराने विचारलं नाही, तीन आठवड्यांत का चाललात म्हणून. त्याला काय ठाऊक होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तो आता नाही.

त्या संध्याकाळी मी सुनेला सगळं सांगितलं. कोऱ्या फ्रॉकांचं. घड्याळवाल्याच्या मुलीचं, बाईंच्या भाचीचं. दोन्ही वेळा मला दिसलं होतं, ते. तिने ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाली.

आता आजचं सांगते.

घर तेरा वर्षं बंद होतं. गेल्या महिन्यात त्याच्या खिडक्या उघडल्या. एक नर्स राहायला आलीय. नवरा बाहेरगावी असतो, पाच वर्षांची मुलगी आहे. आमचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून ती गठ्ठा आमच्याकडेच घेऊन आली. आम्ही आता खुणा शिवत नाही. सुनेने ते बंद केलं. कागदाची नंबराची चिठ्ठी टाचणीने लावतो, कपडे देताना काढतो.

पहिल्या आठवड्यात मी तिच्या मुलीचा गुलाबी फ्रॉक बघितला. चिखल, रंग, काहीतरी चिकट. मला इतकं बरं वाटलं की सून माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात थोडी माती.

आज सकाळी गठ्ठा आला. गुलाबी फ्रॉक चुरगळलेला होता.

आणि कोरा होता.

मी शिवणीवरून बोट फिरवलं. डोळे मिटूनच. मला बघायची गरज नव्हती...

तीन उभे, एक आडवा. लाल दोरा. दुहेरी. शेवटी गाठ.

माझे हात आता कापतात. सहा वर्षं झाली, मी सुईत दोरा ओवलेला नाही. मी सुनेला हाक मारली, फ्रॉक पुढे केला.

"हे तू घातलंस?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं... तुम्ही."

एवढ्या वर्षांनंतरही मी तिचे हात बघत होते, आणि ती माझे. मग तिने कात्री घेतली. खूण कापली. धागे कागदात गुंडाळले.

"झालं," ती म्हणाली. "आपण दर वेळी कापत जाऊ. तिला काही सांगायला नको, आई. शिकलेली बाई आहे. हसेल. म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला. आणि सांगायचं तर काय सांगणार? तुम्हाला कसं ठाऊक, असं तिने विचारलं तर?"

नर्सबाई आणि तिची मुलगी पाचला घरी येतात. मुलीला पाळणाघरातून घेऊनच ती जिना चढते. मी विचारून घेतलंय. म्हणून सव्वादोनला नातीला बसवलं आणि हे सांगायला घेतलं. एकदा सलग सांगून बघायचं होतं, मध्ये न अडखळता येतं का ते. आता सव्वाचार झालेत.

सून समोर उभी आहे. मघापासून ऐकतेय. "एवढं सगळं लिहायची काय गरज होती?" म्हणतेय.

तिला मी जे म्हणाले तेही नातीला लिहायला लावलंय.

"तू गोष्ट चुकीची सांगतेस. तेरा वर्षं. पाहुण्यांना म्हणतेस, सासूबाईंनी कोरा फ्रॉक हातात घेतला आणि त्यांना क्षणात कळलं. क्षणात कसं कळलं, ते नाही सांगत. आधी दोन पोरी माझ्या हातातून गेल्या आणि मी तोंड उघडलं नाही, तेवढंच नेमकं गाळतेस. मला वाचवतेस तू. तुझ्या सगळ्या दोषांत हा सगळ्यात मोठा. चल, चपला घाल. जिन्याच्या खालीच गाठायचं तिला. आणि मध्ये बोलू नकोस. आज पूर्ण गोष्ट मी सांगणार."

"बरं," ती म्हणाली.

"बरं नाही. हो म्हण."